विसाराचे पैसे

गुरुवारी सकाळच्या स्टँड-अपला आमच्या टीममधला एकजण दिसला नाही. म्हटलं, ट्रेन चुकली असेल. पण थोड्या वेळाने चॅटमधलं त्याचं नाव करडं झालं आणि अकरा वाजता मॅनेजरने सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावून 'कठीण निर्णय' वगैरे भाषण ठोकलं. हा आमचा पुणेकर. माझ्याच वयाचा, घरी बायको आणि आठ महिन्यांची मुलगी, आणि माझ्यासारखाच एच-वन-बी वर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : या व्हिसावर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, नाहीतर दुसरा व्हिसा बघा, नाहीतर बॅगा भरा.

त्या रात्री आमच्या जर्सी सिटीच्या घरात खिचडी कुणालाच गेली नाही. रूममेटने (पक्का नागपूरकर, प्रत्येक प्रश्नावर त्याच्याकडे एक व्हिडिओ असतो) ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं, "आपल्याले दुसरा पगार पाह्यजे बे. दर महिन्याले जमा होणारा."

दुसरा पगार म्हणजे काय, तर कव्हर्ड कॉल फंड. शेअर बाजारात पैसे टाकायचे, फंडाने दर महिन्याला आपल्याला पैसे द्यायचे. माझ्याकडे तीन वर्षांत साठवलेले ४०,००० डॉलर होते, बचत खात्यात नुसते पडलेले. रूममेटच्या यादीत १२ टक्के वाटणारे फंड होते. म्हणजे महिन्याला ४०० डॉलर! बसल्या जागी!! त्या रात्री मला बऱ्यापैकी झोप लागली हे कबूल करतो.

पण इंजिनियर माणूस, शनिवारी सकाळी चहा घेऊन एक्सेल उघडलंच.

आधी ही भानगड काय आहे ते सांगतो. समजा तुमचा कोथरूडला एक कोटीचा फ्लॅट आहे. एक गृहस्थ येतात आणि म्हणतात, "हे दोन लाख ठेवा. महिन्याभरात मला वाटलं तर हा फ्लॅट मी एक कोटी पाच लाखांना घेईन. नाही वाटलं तर नाही. दोन लाख मात्र काही झालं तरी तुमचेच." विसार घेतल्यासारखंच हे, फक्त परत न करायचा विसार. आता भाव होता तिथेच राहिला तर तुमची चैन आहे, दोन लाख फुकट मिळाले. भाव एक कोटी वीस लाख झाला तर गृहस्थ हसत हसत येतात आणि एक कोटी पाच लाखांना फ्लॅट घेऊन जातात. वरचे पंधरा लाख त्यांचे. आणि भाव ऐंशी लाखांवर आला तर? गृहस्थ फोनसुद्धा उचलत नाहीत. ऐंशी लाखांचा फ्लॅट तुमच्या गळ्यात, आणि हातात ते दोन लाख.

फ्लॅटच्या जागी शेअर ठेवा की झाला कव्हर्ड कॉल. फंड हेच दर महिन्याला करतो आणि मिळालेले 'दोन लाख' आपल्यात वाटतो. चढ जवळपास सगळी विकायची, घसरण जवळपास सगळी आपल्याकडे ठेवायची, आणि त्याबद्दल रोख घ्यायची. यात फसवणूक काही नाही, सरळ सौदा आहे. फक्त ती रोख म्हणजे व्याज नव्हे, हे डोक्यात पक्कं बसायला मला अर्धा शनिवार लागला.

रूममेटच्या यादीतला सगळ्यात वरचा होता क्यूवायएलडी. नॅसडॅक-१०० चे शेअर घेतो आणि त्या सगळ्यांवर चालू भावालाच कॉल विकतो. डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झाला तेव्हा युनिटची किंमत २५ डॉलरच्या आसपास होती. दहा वर्षांनी, २०२३ च्या शेवटी, ती १८ च्याही खाली होती. याच दहा वर्षांत नॅसडॅक-१०० निर्देशांक साडेचार पटींहून जास्त वाढला! म्हणजे वाटप दर महिन्याला येत होतं हे खरं, पण झाड वाढायचं सोडून खुरटत चाललं होतं. वाटपाचे पैसे धरूनही नुसता निर्देशांक फंड कुठल्या कुठे पुढे निघून गेला.

असं का होतं ते दोन ओळींत दिसतं. समजा बाजार १०० वरून ८० वर पडला आणि पुढच्याच महिन्यात २५ टक्के वर येऊन परत १०० झाला. फंड पडताना एक डॉलरचा प्रीमियम धरून ८१ वर राहिला. वर येताना मात्र त्याला, समजा, चार टक्क्यांचं कुंपण आहे, म्हणून तो ८४ वर थांबला. बाजार घरी पोचला, फंड वाटेतच. २०२० मध्ये नेमकं हे घडलं. त्या वर्षी एस अँड पी ५०० ने लाभांश धरून १८.४ टक्के दिले, आणि त्याच शेअर्सवर दर महिन्याला कॉल विकणारा शिकागोच्या ऑप्शन बाजाराचा बायराइट निर्देशांक वर्षअखेर सुमारे पावणेतीन टक्के तोट्यात होता.

रूममेटला हे दाखवलं. तो म्हणाला, "तो सोड. हा पाह्य." आणि त्याने डिव्हो काढला.

डिव्हो जरा सभ्य घरातला आहे. अँप्लिफाय या कंपनीचा, डिसेंबर २०१६ पासूनचा. नियमित लाभांश देणाऱ्या मोठ्या, जुन्या-जाणत्या कंपन्यांचे वीस-पंचवीस शेअर निवडतो, आणि कॉल सगळ्यांवर सरसकट विकत नाही. एखाद्या शेअरवर, योग्य वाटेल तेव्हा, चालू भावाच्या थोडं वर. म्हणजे कुंपण आहे, पण सगळ्या शेताला नाही. त्यांचं स्वतःचं उद्दिष्टही माफक आहे : दोन ते तीन टक्के लाभांशातून, दोन ते चार टक्के प्रीमियममधून. आणि २०२२ ची कामगिरी तर बघत राहावी अशी. एस अँड पी १८ टक्के पडला त्या वर्षी डिव्हो जेमतेम दीड टक्का खाली.

माझं मन बसलंच होतं खरं तर. एक्सेल बंद करणार, तेवढ्यात वाटलं, आपण तुलना चुकीच्या पोराशी करतोय. लाभांशवाल्या शेअर्सची तुलना लाभांशवाल्याच शेअर्सशी करायला हवी, फक्त कॉल न विकणाऱ्या. म्हणून श्वाबचा एससीएचडी आणि व्हँगार्डचा व्हीवायएम काढले. दोघेही साधे लाभांश फंड, कॉल-बिल काही नाही. २०२२ मध्ये पहिला सव्वातीन टक्क्यांच्या आसपास खाली, दुसरा अर्ध्या टक्क्याच्या आसपास खाली.

घ्या! म्हणजे त्या वर्षी वाचवलं ते मुख्यतः शेअर्सच्या निवडीने. कॉल विकण्याची भर असली तर थोडी. आणि खर्च? डिव्हो वर्षाला सुमारे ०.५६ टक्के घेतो, हे दोघं ०.०६ च्या घरात. माझ्या ४०,००० वर वर्षाला २२४ डॉलर विरुद्ध २४ डॉलर.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो नागपूरकर मला सोडणार नाही. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी डिव्हो एससीएचडीच्या पुढे राहिला. (त्याच दोन वर्षांत एस अँड पीने २६ आणि २५ टक्के दिले, तो भाग वेगळा.) मॅनेजरची निवड चांगली होती, मान्य. पण मग मी पैसे लावतोय ते वीस-पंचवीस शेअर निवडणाऱ्या माणसांवर, कॉलच्या जादूवर नाही. ही जोखीम ब्रोशरमधल्या 'कमी चढउतार' या शब्दांत दिसत नाही.

त्या 'कमी चढउतार' चीही गंमत आहे. प्रमाण विचलन काढताना वरची उडी आणि खालची घसरण दोन्ही सारखेच मोजतात. कॉल विकून वरच्या उड्या छाटल्या की आकडा आपोआप छान दिसतो. एखाद्या मुलाला कधीच नव्वद पडत नाहीत म्हणून त्याच्या प्रगतीपुस्तकावर 'स्थिर' असा शेरा मारावा, तसं. मला आकडा हवा होता तो वेगळाच : सगळ्यात वाईट वेळी किती पडला? फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये एस अँड पी ३४ टक्के पडला. डिव्हो सुमारे ३० टक्के.

म्हणजे ४०,००० चे २८,०००. एका महिन्यात. आणि जगभर नोकऱ्या जात होत्या त्याच महिन्यात.

इथे मी चहाचा तिसरा कप केला.

संध्याकाळी (तिकडची सकाळ) नाशिकला फोन केला. बाबा निवृत्त आहेत, पोस्टाची मासिक योजना आणि थोडे म्युच्युअल फंड यांवर त्यांचं चालतं. मी फंडाचं सगळं पुराण सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अरे, माझ्या स्टेटमेंटवर आधी 'डिव्हिडंड' लिहून यायचं. मग नाव बदललं. आता काय ते आयडीसीडब्ल्यू येतं. पूर्ण नाव वाचलंस का कधी?"

वाचलं नव्हतं. सेबीने एप्रिल २०२१ पासून हे नाव सक्तीचं केलं. मराठीत सांगायचं तर 'उत्पन्न वाटप आणि भांडवल काढून घेणे'. म्हणजे मिळणाऱ्या पैशात तुमचं स्वतःचं मुद्दलही असू शकतं, हे सरकारी खाक्यात का होईना, नावातच सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "नाव वाचल्यापासून मी किती आले ते बघत नाही. किती उरले ते बघतो."

अमेरिकेतल्या फंडांच्या वाटपातही 'रिटर्न ऑफ कॅपिटल' नावाचा रकाना असतो. तो दरवेळी वाईटच असं नाही, बऱ्याचदा नुसता करहिशोबाचा भाग असतो. म्हणूनच बाबांची कसोटी बरी. वाटप आणि युनिटची किंमत दोन्ही मिळून वर्षाच्या शेवटी किती उरले?

मग मी शेवटचा प्रश्न टाईप केला, जो खरं तर पहिला असायला हवा होता. हे पैसे कशासाठी आहेत? डिव्होने पाच टक्के दिले तर ४०,००० वर महिन्याला १६६ डॉलर. माझा खर्च महिन्याला २६००. दुसरा पगार कुठला, विजेचं बिल आणि इंटरनेट सुटलं तरी पुष्कळ. जास्त हवे म्हणून १२ टक्क्यांच्या मागे गेलो तर झाड खुरटणार. आणि नोकरी गेल्यावर मुद्दल मोडायला गेलो तर नेमका तेव्हाच भाव पडलेला असण्याची भीती. उद्या भारतात परतावं लागलं तर या वाटपातल्या लाभांशावर अमेरिका २५ टक्के आधीच कापून घेणार. भारतात त्याचं क्रेडिट मिळतं, पण कर तिथल्या स्लॅबप्रमाणे लागतोच. ज्या संकटासाठी छत्री घ्यायची, त्याच पावसात ती भिजून फाटणार असेल तर काय उपयोग?

रविवारी दुपारी निर्णय झाला. सहा महिन्यांचा खर्च, १६,००० डॉलर, अमेरिकी सरकारच्या १३ आठवड्यांच्या ट्रेझरी बिलांत. कंटाळवाणं आहे, पण हाताशी आहे आणि न्यू जर्सीचा कर त्यावर नाही. उरलेल्यातले बरेचसे साध्या निर्देशांक फंडात, दहा वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. डिव्होत शून्य. फंड वाईट आहे म्हणून नाही. ज्याला दर महिन्याला पैसे काढायचेच आहेत आणि बाजार चढला तरी हळहळ वाटणार नाही, अशा निवृत्त माणसाला तो जमूही शकेल. मी अठ्ठावीस वर्षांचा. माझ्याकडे विकण्यासारखी सगळ्यात महाग वस्तू म्हणजे पुढची चढ, आणि तीच मी दोन टक्क्यांच्या विसारावर द्यायला निघालो होतो. (रूममेटने ५,००० डॉलर टाकलेच. वर्षभराने हिशोब करायचा ठरलंय, हरणाऱ्याने मिसळ करायची.)

संध्याकाळी धीर करून त्या पुणेकराला फोन लावला. तीन दिवस टाळत होतो. मागून मुलीचा आवाज येत होता. पैशाचं कसं काय, म्हणून चाचपडत विचारलं. तो म्हणाला, "पैसे आहेत रे. सात-आठ महिने सहज निघतील. दिवस नाहीत. सत्तावन्न राहिले."

काय बोलावं सुचेना. माझं अख्खं एक्सेल पैशांचं होतं, दिवसांचा रकानाच नव्हता त्यात.

त्याचा रेझ्युमे मागून घेतला आहे. जावा, क्लाऊड, सहा वर्षांचा अनुभव, माणूस एक नंबर. रात्री बसून ओळखीच्या अकरा जणांना पाठवला. तुमच्या कंपनीत काही असेल तर सांगा. लवकर सांगा.