उन्हाळा काढणारा डोंगर

परभणी जिल्ह्यात डोंगर आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. त्याच्या मनातली परभणी म्हणजे काळी कसदार रानं, गोदाकाठ, कापूस, तूर, सोयाबीन आणि नजर पोचेल तिथवर सपाटी. त्याचं फारसं चुकतंही नाही. जिल्ह्यातलं वनाच्छादन शेकडा दोनही भरत नाही. तरी उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याची रांग खाली उतरत येते आणि दक्षिणेला गंगाखेडच्या अंगाला बालाघाट उभा असतो. या दोहोंच्या मधल्या सपाटीवर आमची गावं वसलेली आहेत. माझा जीव अडकलाय तो जिंतूरच्या डोंगरात.

परभणीहून निघालं की झरी जातं, बोरी मागे पडतं, तिथवर काळी माती साथ सोडत नाही. जिंतूर जवळ येऊ लागलं की मात्र जमीन मुरमाड होते, बांधांवर दगड दिसू लागतात आणि समोर सपाट माथ्यांचे डोंगर येतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, निवत गेला, त्याचीच ही घडण. उतारांवर साग, धावडा, सालई, खैर, पळस, टेंभुर्णी, आणि जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे सीताफळ.

या डोंगराला लोक भेटतात ते श्रावणात. तेव्हा तो देखणा असतोच. सागाला पांढरट मोहोर आलेला असतो, वनखात्याने खोदलेल्या समतल चरांत पाणी तुंबलेलं असतं, ओढे खळखळत असतात. माणसं फोटो काढतात, कणसं भाजून खातात, परत जातात. पुढचे दहा-अकरा महिने हाच डोंगर 'बोडका' म्हणून ओळखला जातो. हा शब्द मला सहन होत नाही. कोरड्या प्रदेशातलं पानझडी रान पाहायचं तर ते कोरडं असतानाच पाहावं, असं मला वर्षानुवर्षं तिथे जाऊन ठाम वाटू लागलं आहे.

एकदा एप्रिलमध्ये, शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला हटकलं, "काय बघायला आलाव दादा उन्हाचं? झाडाला पानबी नाही." मी म्हणालो, झाडंच बघायला आलोय. त्यांना ते पटलं असावं. काठीने एका निष्पर्ण सागाच्या खोडावर टक् टक् करत ते म्हणाले, "हे मेलं नाही. उन्हाळा काढायलंय."

पान म्हणजे पाण्याला फुटलेली वाट. पानाच्या बारीक छिद्रांतून झाड सतत वाफ सोडत असतं आणि तेवढं पाणी मुळांनी पुरवावं लागतं. खालचा मुरूम कोरडा पडला की साग ती वाटच बंद करतो. ताटाएवढी पानं एकेक करून खाली येतात आणि झाड नुसत्या खोडा-फांद्यांवर जून गाठतं. ज्या मुलखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तिथे हा शहाणपणा पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. पहिल्या पावसानंतर फुटलेलं सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून बघा, हात लालभडक होतो. ते लाल आधीच्या चार महिन्यांच्या सोसण्यातून आलेलं असतं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

आणि उन्हाळ्यात दिसतं किती! पानांचा पडदा बाजूला झालेला असतो. खडकाचे थर एकाखाली एक मोजता येतात. मागच्या पावसाळ्यात कुणी कुठे घरटं बांधलं होतं ते दिसतं. ओढ्याच्या कोणत्या वळणावर पाणी अजून धरून आहे ते कळतं, कारण सगळ्या पायवाटा तिकडेच वळलेल्या असतात आणि ओल्या चिखलात रोह्याचे खूर, रानडुकराचे माग, मोराची बोटं उमटलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो तो पान नसतानाच. मे महिन्यात बहावा पिवळा होतो. टेंभुर्णीची फळं पिकतात. पावशा ओरडू लागतो. पहाटे चढायला लागून ऊन तापायच्या आत उतरलं, तर मे महिन्याएवढा बोलका डोंगर मी दुसऱ्या कुठल्या महिन्यात पाहिलेला नाही. मग मृग लागतो आणि मखमली लाल मृगाचे किडे ओल्या मातीवर निघतात. लहान मुलं ते हळूच तळहातावर घेतात. मी अजूनही घेतो.

जिंतूरजवळच्या नेमगिरीला तर सगळ्या ऋतूंत एकच नियम: वाकायचं. नेमगिरी आणि चंद्रगिरी या जोड टेकड्या, आणि नेमगिरीच्या पोटात जैन गुंफा. दारं इतकी बुटकी की मोठ्या माणसाला अंग चोरूनच आत जावं लागतं. उठून उभं राहिलं की अंधाराला डोळे सरावतात आणि समोर पाषाणातली भव्य तीर्थंकर मूर्ती दिसते. आत नेमिनाथ आहेत, बाहुबली आहेत आणि पार्श्वनाथांची ती प्रसिद्ध मूर्ती आहे, जिचा सगळा भार खालच्या एका लहानशा दगडावर पेलला आहे. बाहेर दगड पोळत असतो तेव्हा आत गारवा असतो, आणि थंडीत तीच जागा उबदार लागते. ज्यांनी या जागा निवडल्या त्यांनी हा डोंगर बारमाही अनुभवला होता, याची मला खात्री आहे.

हिवाळा इथला कडक. परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि वर्तमानपत्रांत आमचं नाव येतं. तेव्हा डोंगर चालायला सर्वांत सुखाचा. बोरं पिकलेली असतात, धावड्याचा डिंक निघतो, आणि जिंतूरच्या पुढे येलदरीच्या जलाशयावर चक्रवाकांच्या जोड्या उतरतात. पण याच दिवसांत एक गोष्ट मनाला लागते. डोंगरातल्या तांड्यांवर घरांना कुलपं असतात. दसरा-दिवाळीनंतर इथली बंजारा आणि इतरही कितीतरी भूमिहीन कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत उसाचा फड. मागे म्हातारी माणसं राहतात आणि शाळेत जाणारी काही मुलं. श्रावणात याच तांड्यांवर तीज असते, मुलींनी टोपल्यांत पेरलेले गव्हाचे हिरवे अंकुर डोक्यावरून मिरवले जातात. पावसाळ्याच्या अखेरीस याच घरांतल्या बाया डोंगरातली सीताफळं पाट्यांत भरून जिंतूरच्या रस्त्यावर बसतात. आणि ज्या ऋतूत डोंगर माणसाला सर्वांत कमी त्रास देतो, त्याच ऋतूत त्याची माणसं तिथे नसतात. मी मजेने चालायला येतो तेव्हा हे विसरता येत नाही, विसरूही नये.

येलदरीचं धरण 1968 मध्ये पूर्ण झालं. ते ज्या पूर्णा नदीवर आहे, ती याच अजिंठा रांगेत, वर कन्नडकडे उगम पावते. येलदरीला तिच्यावर वीज तयार होते, तेच पाणी खाली सिद्धेश्वरला अडतं आणि कालव्यांनी शेतात जातं. परभणीच्या नळाला येतं ते पाणीही येलदरीचंच. म्हणून डोंगरावरची झाडी हा आम्हा सपाटीवरच्यांचा जिव्हाळ्याचा विषय असायला हवा. ही झाडी उतारावरची माती धरून ठेवते. ती गेली तर तोच मुरूम ओढ्यांतून वाहत धरणाच्या तळाशी बसतो.

मला कुणी विचारलं, जिंतूरला कधी जावं, तर मी होळीच्या पुढचे दिवस सांगतो. पहाटे निघा. पाणी लागेल त्याच्या दुप्पट घ्या. डोक्याला उपरणं बांधा. फक्त काडेपेटी आणि विडी-सिगारेट खालीच ठेवा. वाळल्या कुसळीला एक ठिणगी पुरते. वणवा लागला की मोठा साग जगतो, पण त्याच्या बुडाशी रुजलेली वीतभर रोपं आणि जमिनीवर घातलेली तित्तिराची अंडी त्यात जातात. बाकी वाट कुणीही दाखवेल, जिंतूरच्या स्टँडवर नेमगिरी विचारलं की झालं.