खोबरेल तेल आणि बाबांचा मेमो

परवा वीकेंडला नाशिकला घरी गेलो होतो. पहाटे साडेपाचला द्वारकाला उतरलो तर दात वाजायला लागले. एसीत बसून कोड लिहिणाऱ्याला ही थंडी झेपत नाही राव!

आंघोळीआधी पाहिलं तर खोबरेल तेलाची बाटली पार गोठलेली. म्हटलं, गॅसवर धरू जरा. बाबा ताडकन म्हणाले, "कोमट पाण्यात ठेव. घाई कसली?" आणि चहाबरोबर जुनी गोष्ट निघाली.

बाबा सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तिथे ग्लेशियल अॅसेटिक अॅसिडचे 35 किलोचे कॅन असत. हे अॅसिड 16.6 अंशांला गोठतं. मुंबईत सहसा प्रश्न येत नाही, पण नाशिकच्या जानेवारीत पारा 10च्या खाली गेला की पत्र्याच्या शेडमधे त्याचा सरळ बर्फ! अशाच एका रात्री नाईट शिफ्टला कॅन हवा होता. एक नवा पोरगा ब्लो लॅम्प घेऊन आला. बाबांनी तो काढून घेतला. कारण हेच अॅसिड साधारण 40 अंशांपर्यंत तापलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते. झाकण थोडं सैल करून, कोमट पाण्याच्या टबात ठेवून कॅन वितळायला चार तास लागले. बॅच लेट झाली आणि सकाळी बाबांच्या हातात मेमो. इन्क्रिमेंट अडकलं. त्या वर्षी मला सायकल मिळाली नाही एवढंच मला आठवत होतं, कारण आज कळलं.

"आणि थिनर?" मी विचारलं. "थंडीत तर पेटत नसेल ना?"

"सगळ्यांना तसंच वाटतं," बाबा म्हणाले. थिनरमधल्या टोल्युइनची वाफ 4 अंशांनाही पेटू शकते. लोक थंडी म्हणून शटर ओढून घेतात, वाफ आतच कोंडते, आणि वर कुणीतरी शेगडी पेटवतं. म्हणून बाबा थंडीतही खिडक्या उघड्या ठेवायचे आणि शिव्या खायचे.

आम्ही टेस्टिंगला "नॉर्मल कंडिशन" गृहीत धरतो. बाबांची नोकरी नॉर्मल नसलेल्या रात्रींसाठी होती.

असो. शुक्रवारी टेस्टिंग अर्धवट असताना मी एका रिलीजला "ओके" म्हणून बसलोय. आज रात्रीच मेल टाकतो, दोन दिवस द्या म्हणून. मेमो आला तर बघू.

तेल वितळलं, बरं का. दहा मिनिटं लागली.