कवितेच्या शेजारचं चित्र

कवितेवर चित्र करायला घेतलं की कवितेतली पाखरं, चंद्र, दव यांची यादी डोक्यात तयार होते, आणि ती मांडली की काम झालं असं वाटतं. लाकडी ठशांच्या चित्रात हे फुकट जातं, कारण कविता अनेकदा त्याच कागदावर अक्षरांनी छापलेली असते. तिनं सांगितलेलंच चित्रानं पुन्हा सांगायचं, तर कोरणाऱ्यानं हात कशाला झिजवायचे? जपानी चित्रकार होकुसाईनं 1835च्या सुमारास ‘शंभर कवी, एकेक कविता’ या तेराव्या शतकातल्या संग्रहावर मालिका काढली. कविता दाई समजावून सांगते आहे, अशी या मालिकेची कल्पना. सम्राट तेंजीच्या नावावरच्या कवितेत शेतातल्या झोपडीत दवानं भिजणाऱ्या बाह्या आहेत. होकुसाईनं तिथे सुगीत राबणारे शेतकरी आणले. कवी हितोमारोच्या कवितेत डोंगरी फेझंट पक्ष्याच्या शेपटीइतकी लांबलचक एकाकी रात्र आहे. चित्रात पक्षीच नाही. जाळं ओढणारे कोळी आहेत आणि वर वळत जाणारा धूर. शेपटीची लांबी त्या ओढीत आणि त्या वळणात उतरली आहे.

पक्षी गाळणं ही केवळ कोरण्याची काटकसर, असं कुणी म्हणेल. पण कष्ट वाचवायचे असते तर होकुसाईनं माणसांची एवढी गर्दी केली नसती. रेघ उठून राहावी म्हणून तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड काढावं लागतं, रंगागणिक सहसा वेगळा ठसा लागतो आणि प्रत्येक ठशावरच्या खाचांना कागद अचूक लावावा लागतो. एवढी मेहनत त्यानं कवितेनं न सांगितलेल्या गोष्टींवर खर्च करवली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कविता ठाऊक नसलेल्याला हे चित्र मुकंच राहतं. एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) अनेकांना या कविता पत्त्यांच्या खेळातून तोंडपाठ असत. आजच्या परक्या प्रेक्षकाला तो आधार नाही, हे नुकसान खरंच आहे. मात्र पक्षी काढला असता तर त्याला पक्षीच मिळाला असता, रात्रीची लांबी नाही.

मालिका फसली, हा पुरावाही पुढे केला जातो. शंभरांपैकी 27च चित्रं प्रसिद्ध झाली, हे खरं. पण मध्येच प्रकाशक बदलला, आणि ती वर्षं जपानमधल्या तेम्पो दुष्काळाची होती. थांबलेल्या धंद्यावरून चित्राची पारख होत नाही. उरलेल्यांपैकी साठाहून अधिक रेखाटनं टिकली, ती कोरली गेली नाहीत म्हणूनच. ठशासाठी काढलेलं रेखाटन फळीवर उलटं चिकटवतात आणि ते कोरण्यातच संपतं. ज्या कामात मूळ चित्रच खर्ची पडतं, त्यात नुसत्या पुनरुक्तीसाठी ते खर्चणं मला परवडणारं वाटत नाही.