चपटं मूळ

ऑर्किड वाढवणारी जाणती माणसं विकायला आलेल्या रोपाचं फूल आधी बघत नाहीत. ती रोप उलटं करून मुळं बघतात. टांगलेल्या टोपलीतून हवेत लोंबत वाढलेलं मूळ चहूबाजूंनी गोल असतं. झाडाच्या सालीला वर्षानुवर्षं धरून बसलेलं मूळ एका अंगाने चपटं होतं, आणि ओढून काढताना तुटतं, म्हणून त्याची आखूड थोटकंच उरतात. शिवाय पानांवर किड्यांनी कुरतडल्याच्या जुन्या खुणा, मुळाला चिकटलेला सालीचा तुकडा, त्यावर थोडं दगडफूल. एवढं दिसलं की रोप कुठून आलं हे विक्रेत्याला विचारावं लागत नाही.

अवघड असतो तो पुढचा क्षण. आता तोडलंच आहे, तर निदान आपल्याकडे जगेल तरी, असं प्रत्येक हौशी माणसाला वाटतं. हा विचार दयेपोटी येतो, म्हणूनच तो मोडून काढणं जड जातं. पण हातात पैसे पडलेला विक्रेता पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच रानात शिरतो.

या दयेचा आणि हव्यासाचा इतिहास जुना आहे. 1850 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर खासी टेकड्यांत हिंडत होते. तिथल्या ओकच्या झाडांवर निळी व्हँडा हे ऑर्किड बहरलेलं होतं. त्यांनी लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी सात हमालांच्या ओझ्याइतकी रोपं गोळा केली. त्यांतली थोडीच इंग्लंडला जिवंत पोचली. जागा पाहून ठेवायला एका गृहस्थाने आपला माळी त्यांच्याबरोबर धाडला होता. त्या गृहस्थाने इंग्लंडला पाठवलेलं एकाच हमालाचं ओझं पार खराब अवस्थेत पोचलं, तरी 300 पौंडांना विकलं गेलं. हूकर यांनी ही हकिगत 1854 च्या ‘हिमालयन जर्नल्स’मध्ये स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

आज नर्सरीत मिळणाऱ्या निळ्या व्हँडाची वंशावळ मागे मागे नेली, तर ती रानातून उतरवलेल्या अशाच कुठल्यातरी ओझ्यापाशी जाऊन थांबते. लागवड करणाऱ्याच्या डोक्यावरचं हे ऋण आहे.

ते फेडायची वाट एका बाटलीतून निघाली. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक. एका बोंडात ते लाखोंनी असतं, पण त्याच्यापाशी स्वतःची शिदोरी नसते. रानात योग्य बुरशी भेटली, तरच ते रुजतं. 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नुडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर हे बी बुरशीवाचून रुजवून दाखवलं. आपल्या स्वयंपाकघरात चायना ग्रास म्हणून येतं, तेच हे आगर. तेव्हापासून एका बोंडातून हजारो रोपं करता येऊ लागली. फक्त बाटली निर्जंतुक लागते, आणि पहिल्या फुलाची वाट बघायला काही वर्षं हाताशी लागतात.

कायद्यालाही या बाटलीची दखल घ्यावी लागली. वन्य वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात सगळं ऑर्किड कुळ आहे. त्यात निळी व्हँडा सर्वांत कडक, म्हणजे पहिल्या परिशिष्टात होती. 2004 च्या बँकॉक परिषदेत तिला दुसऱ्या परिशिष्टात आणलं गेलं, कारण बाजाराची गरज लागवडीच्या रोपांनी भागू लागली होती. भारतात मात्र 1991 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात ज्या सहा वनस्पती आल्या, त्यांत ती आहे आणि रानातून ती उपटायला मनाई कायम आहे. त्याच जिल्ह्यात राहणाऱ्या आदिवासींना स्वतःच्या वापरापुरती सूट आहे. ती रास्तच आहे, कारण रानं ओरबाडली गेली ती दूरच्या बाजारांसाठी.

कायदा असला तरी हव्यास थांबत नाही. 2002 मध्ये व्हर्जिनियातल्या एका संग्राहकाने पेरूमध्ये रस्त्याकडेला विकायला ठेवलेलं मोठ्या जांभळ्या फुलाचं फ्रॅग्मिपेडियम ऑर्किड घेतलं आणि परवान्याविना अमेरिकेत नेलं. तिथल्या एका नामवंत वनस्पती उद्यानाने घाईघाईने त्याचं नामकरण केलं. पुढे संग्राहक आणि उद्यान दोघांनाही शिक्षा झाली. पण बातमी फुटताच पेरूतल्या माहीत झालेल्या जागा ओरबाडल्या गेल्या होत्या. नंतर पेरू सरकारने एका नर्सरीला लागवडीसाठी रानातून मोजून पाच झाडं घेऊ दिली. बियांपासूनची कायदेशीर रोपं जगभर पोचली, ती त्यांच्यापासून.

सह्याद्रीत तुटलेलं रोप घरी न्यावं का, हा प्रश्न पावसाबरोबर समोर येतो. वाऱ्याने मोडलेली फांदी वाटेत आडवी पडलेली असते आणि तिच्यावर सीतेची वेणी हे ऑर्किड असतं. ती त्या सहा वनस्पतींत नाही. तरीही राखीव वनातून ती घरी नेणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हाच ठरतं, आणि जमिनीवर तशीच राहिली तर ती कुजणार असते. जाणता माणूस अशा वेळी पिशवी उघडत नाही. तो खिशातली सुतळी काढतो, शेजारच्या खडबडीत सालीच्या झाडावर, सावलीच्या बाजूला, फांदीच्या तुकड्यासकट ते रोप घट्ट बांधतो आणि वनरक्षकाला जागा सांगून ठेवतो. पावसात नवी मुळं फुटतात, त्यांची टोकं हिरवी असतात. सुतळी कुजून गळेपर्यंत ती सालीला धरतात, आणि त्या अंगाने हळूहळू चपटी होत जातात.