चार टक्क्यांची गच्ची

मुंबईत गिरगाव-लालबागच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवताना ऊन पुरतं, जागा पुरत नाही. पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा केल्यावर उरलेल्या तुकड्यात किती वॉट मावतात, एवढाच प्रश्न. त्यात छापील वॉट असतात 25 अंशांचे. भर दुपारी काचेखालचा सेल 65 अंशांपर्यंत तापतो. पर्क प्रकारचा सिलिकॉन सेल दर अंशामागे साधारण 0.35 टक्के शक्ती गमावतो, म्हणजे 14 टक्के गेले. हेटरोजंक्शन प्रकारच्या सेलचे 0.25च्या हिशेबाने दहाच जातात. या चार टक्क्यांनी मला झपाटलं आहे, कारण ते उष्णतेवर वेगळा इलाज करून मिळालेले नाहीत; पृष्ठभाग जपल्यामुळे मिळाले आहेत.

सिलिकॉनचा स्फटिक जिथे संपतो तिथे अणूंचे बंध अर्धवट राहतात. उजेडाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि होल तिथे अडकून एकमेकांत विरतात, धातू थेट टेकतो तिथे तर सर्वांत जास्त. 1997 मध्ये सान्यो कंपनीने बाजारात आणलेल्या हेटरोजंक्शन रचनेत वेफरच्या दोन्ही अंगांना हायड्रोजनयुक्त अस्फटिकी सिलिकॉनचा काही नॅनोमीटरचा शुद्ध थर असतो, त्यावर डोप केलेला, त्यावर पारदर्शक वाहक थर आणि मगच चांदी. हायड्रोजन ते बंध मिटवतो. व्होल्टेज 740 मिलिव्होल्टच्या घरात जातं, आणि मुळात व्होल्टेज उंच असलं की तापल्यावरची घट प्रमाणात कमी. पण समोरचा थर जरा जाड झाला की उजेड गिळतो, फार पातळ झाला की बंध उघडे पडतात. आणि 200 अंशांपलीकडे तापवला की हायड्रोजन निघून जातो. म्हणून चांदीची पेस्टही कमी तापमानाची, आणि ती जास्त लागते.

इथेच आक्षेप येतो: चांदी महाग, पारदर्शक थरातलं इंडियम दुर्मीळ, आणि टॉपकॉन हा स्पर्धक सेल 0.30च्या आसपास असताना फरक दोन टक्क्यांवर येतो. खरं आहे. सोलापूरच्या माळरानावर मीही टॉपकॉनच सुचवेन. परळच्या गच्चीवर मात्र जागाच सर्वांत महाग. तिथे निव्वळ प्रतिवॉट भावावर कोटेशन देणाऱ्यांचा हिशेब मला अपुरा वाटतो. उंची सेल बसवण्याचा मला अभिमान आहे, तो या मतात मिसळला असेल, हेही मान्य. रिलायन्सने 2021 मध्ये आरईसी सोलर ही कंपनी घेऊन जामनगरच्या कारखान्यासाठी हेटरोजंक्शनचाच मार्ग निवडला, तेव्हा तो अभिमान वाढलाच. मात्र समुद्राच्या दमट हवेचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. ओल आत शिरली तर पारदर्शक थर आणि चांदीचा सांधा दोन्ही बिघडतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना काच आणि कडेला ब्युटाइलचं सील नसेल, तर या शहरात हेटरोजंक्शन घेऊ नये, असंच मी सांगतो.