यारी रोड : काही टिपणे

मुंबईच्या वर्सोव्यात आरोग्यमातेचं चर्च आहे आणि यारी रोडलगतच्या पंच मार्गावर केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. संस्था १९६१ची. विज्ञान आणि श्रद्धा यांच्या भांडणावर परिसंवाद घेणाऱ्यांनी आधी इथे एक फेरी मारावी. भांडण मला तरी दिसलेलं नाही.

*

२०१३ साली या संस्थेतल्या संशोधकांचा एक निबंध ‘प्लॉस वन’मध्ये आला. माशाला अंडी घालायला लावणारं संप्रेरक टोचलं, की ते रक्तात भराभर मोडतं. यांनी ते कायटोसानच्या नॅनोकणांना जोडलं. संप्रेरकाचा असर जास्त वेळ टिकला, सायप्रिनस माशाच्या माद्यांनी अंडी जास्त दिली आणि ती फळलीही जास्त. कायटोसान येतं कुठून? कोळंबी-खेकड्याच्या कवचातून. आम्लानं त्यातला चुना काढायचा, सौम्य कॉस्टिकनं प्रथिनं काढायची. उरलेलं कायटिन तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवायचं. बंदरावर कोळणी कोळंबी सोलायला बसल्या, की पायाशी ढीग साठतो तो याच कच्च्या मालाचा. वास मात्र कोणत्याही निबंधात येत नाही.

*

माशांचं औषध म्हणून हसू नये. माणसाच्या औषधातही खटाटोप तसाच : औषध टिकावं, हवं तिथे पोचावं, बाकीच्या शरीराला त्रास कमी व्हावा. कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन हृदयाला घातक. ते चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरून १९९५ साली अमेरिकेत बाजारात आलं.

*

सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा. मेणाचे हात, पाय, डोळे विकत मिळतात. दुखेल तो अवयव वाहायचा. नवस बोलणाऱ्या बाईच्या पिशवीत टाटा कर्करोग रुग्णालयाची फाइलही असते. तिला यात विसंगती वाटत नाही, आणि वाटावी असं काही नाहीच.

*

रोमचं म्हणणं काय? ‘दिग्नितास पर्सोने’ या दस्तऐवजावर तारीख ८ सप्टेंबर २००८, म्हणजे मारियेच्या जन्माचा सण. जनुकांबद्दल बोलताना तो रेघ ओढतो ती इथे : रोग्याच्या शरीरापुरता, रोग बरा करण्यासाठी केलेला उपचार तत्त्वतः चालेल, माणसाची सुधारित आवृत्ती काढायचा उद्योग नको. अशा अतिसूक्ष्म कणांतून दिलेल्या नॅनोऔषधालाही हीच फूटपट्टी लावावी. कण किती बारीक, याला महत्त्व नाही. कोविडच्या वेळीही तसंच झालं. फायझर, मॉडर्नाच्या लशी चरबीच्या नॅनोकणांतून जात, त्याबद्दल धर्मपंडितांची तक्रार नव्हती. अडचण होती ती लस तपासताना किंवा बनवताना वापरलेल्या, गर्भपात झालेल्या भ्रूणापासून काही दशकांपूर्वी तयार केलेल्या पेशींची. आपली कोविशिल्ड तर तशाच पेशींत बनत होती. २१ डिसेंबर २०२०ला व्हॅटिकननं कळवलं : दुसरी निर्दोष लस मिळत नसेल तर ही घ्यायला हरकत नाही.

*

मला खटकतं ते वेगळंच. २०२१च्या उन्हाळ्यात काळी बुरशी आली. तिच्यावरचं औषध अँफोटेरिसिन. साधं असेल तर ते मूत्रपिंडाला झोडपतं. चरबीत गुंडाळलेलं बरंच सौम्य. ते देशात बनवायचं काम परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी कितीतरी आधी केलं होतं. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३००, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, आणि हे कित्येक दिवस. नातेवाईक कुप्यांसाठी दारोदार फिरत होते. जूनमध्ये या औषधावरचा जीएसटी माफ झाला. तरीही बिल उरलंच.

*

लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या शोमरोनी माणसानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पुढे तो खाणावळवाल्याच्या हातावर दोन नाणी ठेवतो आणि वर जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो, हे प्रवचनात घाईघाईनं उरकलं जातं. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

*

पॅरिशमधल्या मंडळींना एक सुचवणं : एखाद्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर नॅनोऔषधावर काम करणाऱ्या संशोधकाला बोलवा. देवाच्या कामात ढवळाढवळ होते का, हे नंतर विचारा. आधी विचारा, हे औषध केवढ्याला पडणार आणि ते पैसे कोण भरणार?