इस्राएल आळीतून पुढे गेलेल्यांच्या गावी

अश्दोद, रविवार

ती. अण्णांस सा. न.,

तुमचा मित्र भेटला. वर्गात तुमच्या बाकावर बसणारा, इस्राएल आळीतला. दारातच मला विचारलं, "अण्णा अजून तसाच भांडतो का?" आमसुलांची पिशवी हातात दिली तर आधी नाकाशी धरली, मग बायकोला हाक मारली.

तुम्ही निघताना बजावलं होतंत, "गेला तो गेला, पण का गेला ते सांगून नाही गेला. ते विचार." विचारलं. म्हणाले, "बाबा रेल्वेत होते ना."

मला काही कळेना. हळूहळू उलगडा झाला. कोकणातून मुंबईला गेलेल्या बेने इस्राएल ज्यू मंडळींनी रेल्वे, टपाल, कस्टम, पलटण अशा सरकारी नोकऱ्या धरल्या होत्या. इंग्रज गेल्यावर पुढच्या पिढीला त्या मिळतील की नाही, याची धाकधूक घराघरात. त्यातच 1948 मध्ये हा इस्राएल देश झाला. वर्षानुवर्षं प्रार्थनेत जेरुसलेमचं नाव घेतलेलं, तिथं आता तिकीट काढून जाता येत होतं. थोरली बहीण आधीच आलेली होती.

कुणी हाकललं म्हणून नाही आलो, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. शब्बाथ पाळून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे हे शनिवार तेली, आणि गावानं कधी त्यांना त्याचा जाब विचारला नाही. "मग?" मी म्हटलं.

"अगं, दहा पुरुष जमल्याशिवाय आमची पूर्ण प्रार्थना होत नाही. निम्मी आळी गेल्यावर दहा आणायचे कुठून? मुलांची लग्नं कुणाशी लावायची?"

अण्णा, मला हे कारण सगळ्यांत खरं वाटलं. पहिले गेले ते ओढीनं किंवा पोटासाठी. मागचे गेले ते पुढचे गेले म्हणून.

दिमोना, बुधवार

आल्यावर सगळ्यांच्या वाट्याला समुद्र आला नाही. हे गाव 1955 मध्ये नेगेवच्या वाळवंटात वसवलं. कापडगिरण्यांत कामं मिळाली आणि मुंबई पाहिलेली माणसं इथं रुजली. आता याला लोक छोटा भारत म्हणतात, पण सुरुवातीचे हाल इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकावेत. 1950 च्या दशकाच्या आरंभी, हे गाव वसण्याआधीच, काहींनी "आम्हाला परत पाठवा" म्हणून ठाण मांडलं होतं आणि त्यांना परत नेलंही. त्यांतल्या काहींना मग पुन्हा इकडे यावंसं वाटलं. मी हसले, तर ज्यांच्याकडे उतरले त्या आजी म्हणाल्या, "हसू नको, दोन्हीकडे सामान बांधून बघ."

1962 मध्ये तर मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्राएलांची लग्नं बाहेरच्या ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. म्हणजे ज्या धर्मासाठी आले, त्यातच यांचं नाणं खोटं! जेरुसलेमात धरणं धरलं, आणि 1964 मध्ये बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू असल्याचं मान्य झालं. तुमचे मित्र यावर फारसं बोलत नाहीत. त्यांच्या पत्नी बोलतात, आणि अजून रागानंच.

आज मात्र आजींच्या घरात ज्यूंच्या नव्या वर्षाची गडबड. चिकाचा हलवा चालला होता. भिजवलेले गहू वाटून काढलेला चीक, साखर आणि नारळाचं दूध. गाईचं दूध नाही, कारण मांसाच्या जेवणानंतर दुधाचं गोड चालत नाही. कोकणातल्या नारळानं हा पेच केव्हाच सोडवला. पातेलं मोठं, हात थांबला की गुठळी. आजी नातवाला मराठीत दटावत होत्या, "तळापासून ढवळ, वरवर नको!" तो हिब्रूत उत्तर देत होता आणि ढवळत होता. तासाभरानं ताटात ओतून वर बदामाचे काप. गार झाल्यावर वड्या पाडल्या तेव्हा सुरी चिकटली नाही, म्हणून आजींनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.

मराठीचं विचाराल तर, हिचीही दहा माणसांचीच अडचण आहे. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडण सणाचं पुस्तक मराठी भाषांतरासह छापणारा हा समाज; बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं करणारा. इथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं. पण नातवंडांना वाचता येत नाही. कीर्तनाला बसतात ते केस पिकलेले. मला वाईट वाटलं, त्यांना तेवढं वाटत नाही. आपण लांबून येऊन दुसऱ्यांच्या घरात मराठी जपायला सांगतो, आणि आपली मुलं कुठल्या शाळेत घातली आहेत ते मी इथं लिहीत नाही!

हैफा, सोमवार

अलिबागजवळचं खंडाळं आठवतं? (घाटातलं नव्हे.) एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, रथाच्या खुणा असलेला खडक. नवस तिथं फेडायचे. इथं आल्यावर तो नवस कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एलियाच्या गुहेत फेडतात. आज एका कुटुंबाबरोबर गेले होते. मलिद्याचं ताट अगदी आपल्याकडचं: भिजवलेले गोड पोहे, खोबरं, सुका मेवा, वेलची, वर फळं. दुसऱ्या देशांतून आलेले ज्यू बाजूला उभे राहून पाहत होते. एकानं विचारलं तेव्हा मूठभर पोहे त्याच्याही हातावर ठेवले.

बसमध्ये गोव्याची एक बाई भेटली, इथं एका वृद्धेची देखभाल करते. इथं येण्याचं कारण विचारलं तर एका दमात: घराचं कर्ज, मुलीचं नर्सिंग. तिला प्रार्थनेत जेरुसलेम नको होतं. रोज रात्री मुलीचा अभ्यास व्हिडिओ कॉलवर घेते.

तुमच्या मित्राला तुमचा नंबर दिला आहे. शुक्रवारी सूर्यास्तापासून ते फोनला हात लावत नाहीत, तेव्हा शनिवारी रात्री करा. त्यांचं घड्याळ सध्या आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहे, जेवणानंतर केलात तर बरं. आणि तुमचं जुनं भांडण त्यांनाही आठवतं, पण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चूक तुमची होती.

तुमची,
धाकटी